मोपा आणि दाबोळीवरच्या खालच्या ढगांचा अंदाज आकड्यांवरून कसा काढायचा

आधी एक गोष्ट पक्की करून घ्या. विमानतळाच्या हवामान अहवालात ढगाची जी उंची लिहितात ती त्या विमानतळाच्या जमिनीपासून मोजलेली असते, समुद्रसपाटीपासून नाही. दाबोळी आणि मोपा हे गोव्याचे दोन विमानतळ, दोन्ही पठारांवर. दाबोळीचं पठार समुद्रापासून साधारण ५५ मीटर उंच आहे, मोपाचं साधारण १७०. फरक शंभर मीटरच्या वर, फुटांत सांगायचं तर साडेतीनशेच्या पुढे. अरबी समुद्रावरून ढगांचा एकच थर एकाच उंचीवर किनाऱ्यावर आला, तर दाबोळीच्या अहवालात तो आठशे फुटांवर असेल आणि मोपाच्या अहवालात साडेचारशेच्या आसपास. म्हणून ‘गोव्यात ढग खाली उतरतील का’ असा प्रश्न कोणी विचारला की मी आधी विचारते, कुठल्या पठारावर?

मी हवामान निरीक्षक होते. ढग किती, कुठल्या जातीचा, त्याचा पाया किती फुटांवर, हे दर अर्ध्या तासाने लिहायचं आणि पुढे पाठवायचं, यातच माझी नोकरीची सगळी वर्षं गेली. आता निवृत्त होऊन पेडण्यात राहते. बहिणीचा मुलगा मोपाला ग्राउंड हँडलिंगमध्ये शिफ्ट सांभाळतो. जून लागला की रात्री त्याचा फोन ठरलेला: “मावशी, उद्या सकाळी ढग नडणार का? हो की नाही, एवढंच सांग.” मी त्याला हो किंवा नाही सांगत नाही. टक्के सांगते. ते टक्के कुठून येतात हे त्याला आणि त्याच्या बरोबरच्या मुलांना शिकवलं, तेच इथे लिहीत आहे. हातात गुगल शीट असली तरी निम्मं काम होतं. उरलेल्या निम्म्यासाठी पायथन किंवा आर यांपैकी एक संगणकभाषा थोडी यायला हवी.

एक सांगून ठेवते. विमान उडवायचं की थांबवायचं हा निर्णय भारतीय हवामान विभागाच्या अधिकृत अंदाजावर आणि वैमानिकाच्या जबाबदारीवर होतो, आणि तसाच व्हायला हवा. आपण काढतो तो आकडा माणसं, बसगाड्या, जेवणं आणि गाड्यांच्या फेऱ्या यांची आखणी करायला.

प्रश्न आधी नेमका करा

‘ढग येतील’ हा अंदाज नाही, कारण तो खोटा ठरू शकत नाही. जुलैत ढग असतातच. अंदाजाला तीन गोष्टी लागतात: किती उंचीच्या खाली, कोणत्या वेळेत, आणि आपण हे किती आधी सांगतोय.

उंचीसाठी मेटार, म्हणजे विमानतळाचा ठरलेल्या वेळी निघणारा सांकेतिक हवामान अहवाल, वाचता यायला हवा. ढगाचं प्रमाण आठव्या हिश्शांत मोजतात, त्याला ऑक्टा म्हणतात. १ ते २ ऑक्टा म्हणजे फ्यू, ३ ते ४ स्कॅटर्ड, ५ ते ७ ब्रोकन, पूर्ण ८ म्हणजे ओव्हरकास्ट. सीलिंग म्हणजे ब्रोकन किंवा ओव्हरकास्ट असलेला सर्वांत खालचा थर. चारशे फुटांवर फ्यू असेल आणि बाराशेवर ब्रोकन, तर सीलिंग बाराशे. नवीन मुलं सर्वांत खालचा आकडा उचलतात आणि वर्षभराचा तक्ता बिघडवून ठेवतात. आकाश दिसतच नसेल, दाट धुकं किंवा मुसळधार असेल, तर थराऐवजी उभी दृश्यता लिहितात. तीही सीलिंगच धरायची.

आता सीमारेषा कुठे ठेवायची? आयएलएस म्हणजे रेडिओ लहरींनी विमानाला धावपट्टीपर्यंत वाट दाखवणारी यंत्रणा. तिच्या कॅटेगरी एक या प्रकाराने उतरताना निर्णयाची उंची, म्हणजे धावपट्टी दिसली नाही तर जिथून परत वर जायचं ती, २०० फुटांच्या खाली जात नाही आणि धावपट्टीवरची दृश्यता किमान ५५० मीटर लागते. आयएलएस बंद असेल किंवा वाऱ्यामुळे उलट्या टोकाने उतरावं लागलं आणि तिथे ती सोय नसेल, तर लागणारी उंची बरीच वाढते. त्या त्या पद्धतीच्या चार्टवर आकडा छापलेला असतो, तो बघा. मी दोन सीमारेषा ठेवते: एक आयएलएसच्या किमान उंचीच्या थोडी वर, दुसरी त्याहून ढिली, जिथे वाहतूक थांबत नाही पण दोन विमानांमधलं अंतर वाढवावं लागतं आणि रांग लागते. भाच्याला खरा त्रास दुसरीचा होतो.

तर माझा प्रश्न असा आहे: रात्री ३ वाजता हातात जे आहे त्यावरून, सकाळी ६ ते ८ या वेळात मोपाचं सीलिंग निदान एकदा तरी सीमारेषेच्या खाली जाण्याची शक्यता किती? ३ का, तर सकाळच्या पाळीची माणसं तेव्हा घरातून निघायची असतात. तुमचं काम वेगळं असेल तर वेळ वेगळी घ्या, पण एकदा ठरवली की बदलू नका.

जुने अहवाल गोळा करणे आणि साफ करणे

अमेरिकेतलं आयोवा स्टेट विद्यापीठ जगभरच्या विमानतळांचे जुने मेटार साठवून ठेवतं आणि कुणालाही मोफत उतरवून घेऊ देतं. दाबोळीचं सांकेतिक नाव व्हीओजीओ, मोपाचं व्हीओजीए. दाबोळीची नोंद लांबलचक आहे. मोपाला पहिली प्रवासी विमानं ५ जानेवारी २०२३ ला उतरली, त्यामुळे तिथे हाताशी मोजकेच पावसाळे आहेत. ही या कामातली सगळ्यांत मोठी अडचण, तिच्याकडे पुढे येते.

वेळ नेहमी झेड, म्हणजे ग्रीनिचची. आपली वेळ साडेपाच तास पुढे. सकाळी ६ चा अहवाल ००३० वर सापडेल. तारीखही तपासा: रात्री ३ चा अहवाल आदल्या तारखेच्या २१३० वर आहे. तारीख एक दिवस सरकली की सगळं गणित चालतं, उत्तरंही येतात, आणि सगळी चुकीची असतात.

अर्ध्या तासाच्या नेहमीच्या अहवालांबरोबर त्यात विशेष अहवालही असतात. हवा अचानक बिघडली किंवा सुधारली की मधेच पाठवलेले. ते सरासरीत घेऊ नका. हवा वाईट असताना अहवाल जास्त, चांगली असताना कमी, असं होऊन वाईट हवेचं पारडं आपोआप जड होतं. घटना घडली का हे ठरवताना मात्र विशेष अहवाल बघा, कारण सातला दहा कमी असताना उतरलेला ढग साडेसहा आणि सातच्या नेहमीच्या अहवालांत दिसणारच नाही.

आता निरीक्षक म्हणून बोलते, कारण ही गोष्ट आकड्यांच्या पुस्तकात सापडत नाही. सीलिंगचा आकडा यंत्र आणि माणूस मिळून तयार करतात. सिलोमीटर लेझरचा झोत सरळ वर पाठवतो आणि डोक्यावरचा एकच ठिपका मोजतो. पश्चिमेकडून समुद्रावरून काळाभोर पट्टा येत असेल आणि झोताच्या वर नेमकी फट असेल, तर यंत्र म्हणणार आकाश मोकळं. निरीक्षक बाहेर येऊन सगळं आकाश बघतो आणि ऑक्टा ठरवतो. अमावास्येच्या रात्री पाऊस पडत असताना चार ऑक्टा की पाच, हे सांगणं खरंच अवघड असतं. पण चार म्हणजे स्कॅटर्ड, सीलिंग नाही. पाच म्हणजे ब्रोकन, सीलिंग आहे. तुमची सगळी घटना त्या एका ऑक्टावर उभी असते.

म्हणून उतरवलेल्या उंचींचा एक साधा स्तंभालेख काढा. काही आकड्यांवर उंच स्तंभ दिसतील आणि त्यांच्या शेजारचे आकडे जवळजवळ रिकामे. ढग काही ठराविक उंची पसंत करत नाहीत, लिहिणारा हात करतो. तुमची सीमारेषा अशा उंच स्तंभावर ठेवू नका, दोन स्तंभांच्या मधल्या रिकाम्या जागेत ठेवा. नाहीतर लिहिण्याची पद्धत जराशी बदलली, नवं यंत्र बसलं, की तुमच्या तक्त्यात ‘हवामान बदललेलं’ दिसेल. रात्रीचे आणि दिवसाचे स्तंभही वेगळे काढून बघा.

पावसाळ्यातला ढग आणि हिवाळ्यातला ढग एका तक्त्यात कोंबू नका

जून ते सप्टेंबर वारा पश्चिमेचा किंवा नैर्ऋत्येचा, दमदार, पाण्याने भरलेला. वरच्या जाड ढगातून पाऊस पडतो, थेंबांचं थोडं पाणी वाटेत वाफ होऊन खालची हवा ओली करतं, आणि मुख्य थराच्या खाली फाटक्या, पळत्या ढगांचा दुसरा थर तयार होतो. त्रास देतो तो हा. समुद्रावरून आलेली हवा पठाराच्या कडेवर आपटून वर चढते तेव्हा त्याला आणखी बळ मिळतं, आणि मोपाची कड दाबोळीपेक्षा उंच. हा ढग सरींबरोबर येतो आणि जातो, वीस मिनिटांत सगळं बदलू शकतं. घड्याळाशी त्याचं नातं सैल असतं.

थंडीतला प्रकार निराळा. आकाश निरभ्र, वारा पूर्वेकडून जमिनीवरचा, मंद. रात्रभर जमीन उष्णता सोडते, तेरेखोल आणि शापोरा नद्यांच्या खोऱ्यांत ओल साठते, पहाटे धुकं धरतं. ऊन लागलं की धुक्याचा तळ जमिनीपासून सुटतो, थोडा वेळ खालचा ढग म्हणून तरंगतो आणि मग फाटतो. हा घड्याळाने बांधलेला आहे. त्याच्यासाठी सूर्योदयापासूनचा वेळ हा पहिला आकडा. पावसाळी तक्त्यात तो जवळपास निरुपयोगी.

दोन्हींत तापमान आणि दवबिंदू (ज्या तापमानाला थंड झाल्यावर हवेतल्या वाफेचं पाणी व्हायला लागतं तो) यांतला फरक कामाला येतो. कोरडी हवा वर चढताना शंभर मीटरला जवळजवळ एक अंश थंड होते, तिचा दवबिंदू तेवढ्यात ०.२ अंशच उतरतो. फरक शंभर मीटरला ०.८ ने मिटत जातो, म्हणजे जमिनीवरच्या एका अंशाच्या फरकासाठी ढगाचा पाया सुमारे १२५ मीटर, ४०० फूट, वर. तापमान २६, दवबिंदू २४, तर पाया आठशे फुटांच्या आसपास. नियम सुंदर आहे, पण मेटारमध्ये दोन्ही आकडे पूर्ण अंशांत लिहितात. प्रत्येकात अर्ध्या अंशाची घालमेल, दोन्ही उलट दिशेने गेले तर पूर्ण एक अंश, म्हणजे ४०० फूट. आपली सीमारेषाच त्या मापाची आहे! त्यामुळे या नियमावरून थेट उंची सांगू नका. फरक ० आहे, १ आहे, २ आहे की त्याहून जास्त, एवढे चार गट करा आणि त्या गटात पूर्वी काय झालं ते मोजा.

पहिला अंदाज: नुसती मोजणी

यंत्रशिक्षणाकडे धावण्याआधी तीन साधे अंदाज करून ठेवा. तुमचा हुशार अंदाज यांना हरवू शकला तरच त्याला अर्थ.

पहिला, महिन्याची सरासरी. जुलैच्या सगळ्या सकाळींपैकी किती सकाळी घटना घडली? तेवढे टक्के रोज सांगायचे.

दुसरा, आहे तेच राहील. रात्री ३ ला सीलिंग खाली असेल तर सकाळीही खाली. पुढच्या तासाभरासाठी याला हरवणं भल्याभल्यांना जड जातं. तीन-चार तासांनंतर तो झपाट्याने कमकुवत होतो.

तिसरा, आणि मला सर्वांत प्रिय, सशर्त सरासरी. पावसाळ्यातल्या सगळ्या रात्री घ्या. ३ वाजता सीलिंग हजार फुटांखाली होतं की नाही, तापमान-दवबिंदू फरक कुठल्या गटात, गेल्या तासात पाऊस होता की नाही, यांवरून कप्पे करा. प्रत्येक कप्प्यात एकूण रात्री किती आणि घटना घडलेल्या किती, ते मोजा. समजा एका कप्प्यात ४० रात्री आल्या आणि १४ दा सकाळी ढग खाली उतरला. शक्यता ३५ टक्के. हे पोस्टरवर लिहून पाळीच्या खोलीत लावता येतं, कुणालाही कळतं, वीज गेली तरी चालतं.

कप्पे जास्त केले की काहींत चारच रात्री उरतात आणि चारही वेळा घटना घडलेली असते. तिथे १०० टक्के लिहू नका. घडलेल्यांत १ आणि एकूणात २ मिळवून भागा: ४ पैकी ४ चे ५ भागिले ६ होतील, ८३ टक्के. ४० पैकी १४ चे १५ भागिले ४२ होतात, पूर्वीसारखेच ३६ च्या आसपास. भरलेला कप्पा हलत नाही, रिकामा कप्पा ताळ्यावर येतो. त्याहून चांगलं म्हणजे महिन्याच्या सरासरीकडे ओढणं, पण सुरुवातीला एवढं पुरे.

आणि दिवसाला एकच ओळ घ्या. एका झडीतले लागोपाठ वीस अहवाल म्हणजे वीस पुरावे नाहीत, ती एकच झड आहे.

दुसरा अंदाज: लॉजिस्टिक समीकरण

कप्प्यांची मर्यादा आली की लॉजिस्टिक रिग्रेशन. प्रत्येक गोष्टीला एक वजन देऊन बेरीज करायची आणि ती बेरीज ० ते १ च्या मधे बसवायची. नुसतं समजावं म्हणून बनवलेले आकडे घेते: सुरुवात ०.४, फरकाच्या प्रत्येक अंशाला उणे ०.९, आत्ता सीलिंग हजाराखाली असेल तर अधिक १.२. फरक १ अंश आणि ढग आधीच खाली, तर बेरीज ०.७, शक्यता ६७ टक्के. फरक ३ अंश आणि ढग खाली नाही, तर बेरीज उणे २.३, शक्यता ९ टक्के. तुमची खरी वजनं तुमच्या नोंदींतून संगणक काढील.

काय काय घालावं? वाऱ्याची दिशा अंशांत घालू नका. ३५० आणि १० शेजारी आहेत हे समीकरणाला कळत नाही. पूर्व-पश्चिम आणि उत्तर-दक्षिण असे दोन भाग करून घाला. दवबिंदू गेल्या तीन तासांत चढला की उतरला ते घाला. पणजीहून वरच्या हवेची मापं घेणारा हवामान विभागाचा फुगा जातो. संध्याकाळी साडेपाचच्या फुग्यातली ९२५ हेक्टोपास्कल दाबाच्या पातळीवरची, म्हणजे साधारण पाऊण किलोमीटर उंचीवरची, आर्द्रता पहाटेच्या अंदाजाला उपयोगी, आणि अमेरिकेतल्या वायोमिंग विद्यापीठाच्या साठ्यात ती मिळते. हवामानाचं गणित करणाऱ्या एखाद्या संगणकीय प्रारूपाचा खालच्या ढगांचा अंदाजही घाला. प्रारूप स्वतःहून कुठे सतत जास्त किंवा कमी सांगतं ते समीकरण शिकून घेतं. ग्लान आणि लौरी यांनी १९७२ मध्ये ही रीत मांडली, आणि आजही ती विमानतळांच्या अंदाजाचा कणा आहे.

दुसऱ्या विमानतळाचा अहवाल घालावा का, हे सगळेच विचारतात. दाबोळी आणि मोपा सरळ रेषेत चाळीसेक किलोमीटरवर, एक दक्षिणेला एक उत्तरेला. पावसाळी वारा पश्चिमेचा, हिवाळ्यातला पूर्वेचा. म्हणजे वाऱ्याच्या वाटेत कुणीच कुणाच्या आधी येत नाही. दाबोळीचा अहवाल हवा कशा जातीची आहे हे सांगेल, पण काय येतंय ते सांगणार नाही. पावसाळ्यात येणारं सगळं समुद्रावरून येतं आणि समुद्रावर निरीक्षक नाही. त्यासाठी रडार आणि इन्सॅट उपग्रहाची चित्रं बघावीच लागतात. मी ३ वाजताच्या रडार चित्रावरून एकच आकडा घेते: किनाऱ्यापासून पन्नास किलोमीटरच्या आत, पश्चिमेला, सलग पाऊस आहे की नाही. हो किंवा नाही.

मोपाच्या तोकड्या नोंदीचं काय? मी असं करते. वारा, आर्द्रता, पाऊस यांची वजनं दाबोळीच्या लांब नोंदीवरून काढते, पण दाबोळीसाठी सीमारेषा साडेतीनशे फुटांनी वर सरकवून, म्हणजे मोपाच्या सीमारेषेवरचा ढग दाबोळीहून ज्या उंचीवर दिसेल तिथे. मग मोपाच्या नोंदी घेऊन फक्त सुरुवातीचा आकडा जुळवून घेते. पठाराच्या कडेवर ढगाला मिळणारा जादा उठाव त्यात येतो. थोड्या नोंदींवर एक आकडा शिकता येतो, दहा नाही. हिवाळ्यासाठी ही युक्ती वापरू नका. धुकं खोऱ्याचं असतं, आणि दाबोळीजवळच्या वास्कोची हवा म्हणजे मोपाजवळच्या पेडण्याची हवा नाही.

तपासणी

१८८४ साली अमेरिकेत फिनली नावाच्या अधिकाऱ्याने टॉर्नेडोचे २८०३ अंदाज तपासले आणि ९६.६ टक्के बरोबर आल्याचं जाहीर केलं. गिल्बर्ट नावाच्या शास्त्रज्ञाने त्याच वर्षी दाखवून दिलं की रोज ‘टॉर्नेडो येणार नाही’ एवढंच सांगितलं असतं तरी ९८.२ टक्के बरोबर आले असते. फिनलीच्या अंदाजांत २८ टॉर्नेडो बरोबर सांगितलेले होते, २३ हुकले होते, आणि ७२ वेळा उगाच इशारा दिला होता. क्वचित घडणाऱ्या गोष्टीत ‘किती टक्के बरोबर’ हा आकडा काहीच सांगत नाही. विमान अडवणारा ढग वर्षाच्या हिशोबात क्वचितच येतो. कुणी तुम्हाला ९७ टक्के अचूक अंदाज विकायला आला, तर विचारा की रोज ‘नाही’ म्हटलं तर किती येतात.

टक्क्यांच्या अंदाजासाठी ब्रायर गुण वापरा, ग्लेन ब्रायर यांनी १९५० मध्ये सुचवलेला. शक्यता ०.७ सांगितली आणि घटना घडली, तर ०.३ चा वर्ग, ०.०९. घडली नाही, तर ०.७ चा वर्ग, ०.४९. सगळ्या दिवसांची सरासरी काढा. कमी तितकं चांगलं. हीच सरासरी महिन्याच्या सरासरीच्या अंदाजासाठी आणि ‘आहे तेच राहील’ साठी काढा, आणि तिन्ही शेजारी ठेवा. समीकरण सशर्त सरासरीच्या पोस्टरला हरवत नसेल तर पोस्टरच वापरा. मी अनेक वेळांसाठी तसंच करते.

तपासणीसाठी ठेवलेले दिवस शिकवणीत नकोत. नोंदी पत्त्यांसारख्या पिसून अर्ध्या इकडे अर्ध्या तिकडे करू नका, कारण एका झडीचा सोमवार शिकवणीत आणि मंगळवार परीक्षेत जातो, आणि पेपर आधीच फुटलेला असतो. एक पूर्ण पावसाळा बाजूला ठेवा, उरलेल्यांवर शिका, मग दुसरा बाजूला ठेवा.

शेवटी बघा की ज्या दिवशी तुम्ही ३० टक्के म्हणालात, त्यांतल्या खरोखर ३० टक्क्यांच्या जवळपास दिवशी ढग उतरला का. मला स्वतःला ब्रायरपेक्षा या तपासणीची जास्त काळजी वाटते. समोरचा माणूस तुमचा आकडा खरा धरून खर्च करणार आहे.

टक्क्यांचं काय करायचं

तयारीचा खर्च भागिले तयारी नसल्यामुळे होणारं नुकसान, त्या भागाकारापेक्षा शक्यता जास्त असेल तर तयारी करा. समजा जादा माणसं बोलावण्याला एक भाग खर्च, आणि माणसं नसताना चार विमानं एकदम उतरली तर सहा भाग नुकसान. उंबरठा १७ टक्के. म्हणजे ‘बहुतेक ढग येणार नाही’ असं असतानाही भाच्याने माणसं बोलावणंच शहाणपणाचं. टॅक्सीवाल्याचा उंबरठा वेगळा, केटरिंगचा वेगळा. हो-नाही मी का देत नाही ते इथे कळेल: माझ्या हो-नाहीत माझा उंबरठा दडलेला असतो, आणि खर्च त्याचा असतो.

आणखी एक हिशोब गोव्यालाच लागू आहे. मोपाला उतरता आलं नाही तर दाबोळी जवळ आहेच, असं लोक धरून चालतात. दाबोळी नौदलाच्या आयएनएस हंस तळावर आहे, तिथल्या वेळांची आणि जागेची गणितं वेगळी, तो भाग सोडा. नुसत्या हवेचंच बघा. दोन्हीकडे ढग उतरण्याची शक्यता प्रत्येकी १० टक्के असली तर दोन्हीकडे एकदम उतरण्याची १ टक्का, असा गुणाकार करू नका. तो गुणाकार दोन्ही ठिकाणच्या हवेचा एकमेकांशी संबंध नसेल तरच चालतो, आणि इथे तर एकच मान्सून दोन्ही पठारांवर आहे. जानेवारी २०२३ पासूनच्या नोंदी घ्या आणि मोपा खाली असलेल्या सकाळींपैकी दाबोळीही खाली किती होत्या, ते थेट मोजा. पावसाळ्याचं वेगळं, हिवाळ्याचं वेगळं. पावसाळ्याचा आकडा मोठा येईल. तो जितका मोठा, तितकी मुंबई, बेंगळूरु किंवा हैदराबादकडे विमान वळण्याची तयारी खरी.

मी भाच्याला रात्री सव्वातीनला पाठवते तो निरोप एवढाच असतो: मोपा, ६ ते ८, सीलिंग ढिल्या सीमारेषेखाली ४५ टक्के, कडक सीमारेषेखाली १० टक्के, या महिन्याची नेहमीची सरासरी इतकी. सरासरी शेजारी दिलीच पाहिजे, नाहीतर ४५ जास्त की कमी हे त्याला कळणार कसं? सकाळी साडेआठला तो काय झालं ते परत लिहून पाठवतो, आणि मी दोन्ही ओळी एकाच शीटमध्ये टाकते. सप्टेंबर संपला की त्या शीटवरून वजनं पुन्हा काढायची, आणि ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात पावसाळ्याचं पोस्टर काढून हिवाळ्याचं लावायचं.